लिहायला घेतलेलं पुरं कसं करता?

गोदाकाठ | शुक्रवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. थेटच विचारते. लिहायला घेतलेलं तुम्ही पुरं कसं करता?

माझ्याकडे एक निळी फाइल आहे. आज तिच्यातले कागद मोजायला बसले, तर अकरा लेख निघाले. पुरा एकही नाही. कुणाचं पहिलं पान पाच वेळा लिहिलेलं, कुणाची नुसती टिपणं, एकाचं तर फक्त नाव.

त्यातले दहा राहिले तरी चालतील. एक राहून चालणार नाही. तो वडिलांवरचा. अण्णा एसटीत कंडक्टर होते, मनमाड-नांदगाव-येवला पट्ट्यात, अठ्ठावीस वर्षं. तिकिटांचा ट्रे, वेबिल लिहिताना कानावरून काढलेली पेन्सिल, पैशांची चामडी पिशवी. रात्री बोळाच्या तोंडाशी आले की विजेच्या खांबावर तिकिटाचा चिमटा वाजवायचे. टक्‌टक्‌, टक्‌. ती ऐकून आई चहाचं आधण ठेवायची. हे सगळं लिहून झालंय, चार पानं. चौथ्या पानावर ‘अण्णा निवृत्त झाले त्या दिवशी’ एवढे शब्द आहेत आणि पुढे कोरं. तीन वर्षं झाली. तीनदा पुढे लिहिलं, तीनदा खोडलं.

अण्णा आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. हल्ली खूप विसरतात. म्हणून घाई आहे, आणि घाई आहे म्हणूनच हात चालत नाही.

तुमचं कुठे अडतं? आणि कसं सुटतं?

---

तुतारी | रात्री ९:५८

शेवट आधी लिहा. मी रहस्यकथा लिहितो. खून कुणी केला हे ठरल्याशिवाय पहिली ओळ लिहीत नाही. शेवट ठाऊक असला की मधली वाट आपोआप दिसते.

---

जाईजुई | रात्री १०:२०

तुतारी, रहस्यकथेला ते ठीक. मला शेवट आधी कळला की लिहायची इच्छाच मरते. काय सापडतं ते बघायलाच तर मी लिहायला बसते.

माझ्यापुरतं सांगते. रोजचं लिहून उठताना शेवटचं वाक्य मुद्दाम अर्धं सोडते. दुसऱ्या दिवशी बसलं की ते अर्धं वाक्य पुरं करणं एवढंच काम असतं, आणि तेवढ्यानं गाडी चालू होते. कोऱ्या ओळीसमोर बसायला लागलं तर मी आधी कपाट आवरते, मग फ्रीज.

दुसरं म्हणजे तारीख. माझ्या सहा कथा छापून आल्यात, सहाही दिवाळी अंकांत, कारण संपादक गणपतीनंतर फोन करायला लागतात. का. र. मित्रांनी १९०९मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तिथून ही प्रथा रुजली. त्या एका प्रथेनं मराठीत किती कथा पुऱ्या करून घेतल्या असतील! हरिभाऊ आपट्यांचंही तेच. ‘करमणूक’ साप्ताहिक, कादंबरी क्रमशः. वाचक आठवडाभर थांबलेला, मग लिहावंच लागणार.

---

वऱ्हाडी_वानोळा | रात्री १०:३१

कंडक्टरच्या लेकीले शेवटचा स्टॉप सापडून नाही राहिला म्हन्ते! ताई, डबल बेल द्या अन् निघा. चार पानं झाली म्हणजे गाडी डेपोच्या बाहेर पडली न बाप्पा.

---

खिळेजुळणी | रात्री ११:१५

गोदाकाठताई, मी लेखक नव्हे. सांगलीत एका छापखान्यात जुळारी, म्हणजे छपाईची अक्षरं जुळवणारा, होतो, १९७६ ते ८९. लेखकांची अपुरी पानं मात्र खूप हाताळलीत, म्हणून लिहितो.

दिवाळी अंकाचं काम असायचं. काही लेखक कथा तुकड्यातुकड्यानं पाठवायचे. येईल तशी जुळवायची आणि गॅलीत, म्हणजे लांबट ट्रेमध्ये, लावून ठेवायची. शेवट आला नाही, तर तो मजकूर दोऱ्यानं आवळून फळीवर उभा. आता यातली अडचण सांगतो. खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, मोजके असायचे. छपाई झाली की सोडणी करायची. सोडणी म्हणजे एकेक खिळा उचलून ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचा. मग तेच खिळे पुढच्या कामाला. कथा अडली की तिच्यात लागलेली अक्षरं अडली.

सगळ्यात आधी काना संपायचा. मराठीत काना किती लागतो ते जुळाऱ्याला विचारा. ‘माझा मामा आला’ एवढं जुळवायला पाच काने लागतात, आणि ‘आ’ला वेगळा खिळा नसेल तर सहावा. एका वर्षी एक दीर्घकथा दीड पानासाठी सोळा दिवस अडून बसली. त्यात लग्नपत्रिकेचं काम आलं, आणि खणात हात घालतोय तर काना नाही. शेजारच्या छापखान्यातून पितळी वाटीत मोजून तीनशे काने उसने आणले, मोजून परत केले. शेवटी मालक त्या लेखकाच्या घरी गेले. म्हणाले, ‘साहेब, शेवट साधा असला तरी द्या, पण माझे काने सोडवा.’ दुसऱ्या दिवशी सकाळी दीड पान आलं. मीच जुळवलं. चांगलं होतं.

तुमच्या त्या अकरा लेखांत किती काने अडकलेत, तेवढं बघा.

---

जाईजुई | रात्री ११:२२

खिळेजुळणी, हे वाचून मी उठले आणि माझी वही काढली. आता झोप गेली.

---

सांजवारा | शनिवार, सकाळी ७:०५

मी जरा वेगळं बोलतो. सगळं पुरं करायलाच हवं का? पेरलेलं प्रत्येक बी उगवत नाही, शेतकरी त्याचा शोक करत बसत नाही. माझ्या वह्यांत कितीतरी कविता दोन ओळींवर थांबल्यात. त्यांना तेवढंच सांगायचं होतं. ओढूनताणून शेवट लावलेली कविता वाचताना लगेच कळते, रफू केलेल्या कापडासारखी.

---

गझलवेडा | सकाळी ७:४०

सांजवारा यांच्याशी सहमत, आणि आमच्या गझलेत तर सोयच आहे. प्रत्येक शेर स्वतःत पुरा. मतला, म्हणजे पहिला शेर, झाला, आणखी एक शेर झाला, थांबलो, तरी हातात दोन पुऱ्या कविता असतात.

---

तुतारी | सकाळी ७:५२

पण पाच शेरांशिवाय गझल म्हणत नाहीत ना? म्हणजे ते दोन शेर वहीतच राहणार. चौथ्या-पाचव्याला काफिये, म्हणजे यमकाचे शब्द, संपले की मग काय करता?

---

गझलवेडा | सकाळी ८:१०

काफिये संपत नाहीत, आपण संपतो. :) काफिया बदलून मतला पुन्हा बांधायचा. मी एकदा अकरा महिन्यांनी बांधला होता.

---

वाळूचे_कण | सकाळी ९:३०

सांजवारा, कवितेचं तुमचं खरं असेल. पण मी दुसरी बाजू पाहिली आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझे काका प्राथमिक शिक्षक होते, बीडच्या बाजूला. तीस वर्षं त्यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. बदली होईल त्या गावात म्हाताऱ्या बायकांकडे बसायचे, लिहून घ्यायचे. चौदा वह्या. त्यांना त्यावर पुस्तक लिहायचं होतं, ‘अजून दोन तालुके राहिलेत’ म्हणत राहिले. काका गेल्यावर वह्या माझ्याकडे आल्या. ओव्या सगळ्या सुवाच्य आहेत. पण कडेला खुणा आहेत: गोल, फुली, दोन रेघा. कशाचा अर्थ काय हे फक्त त्यांना ठाऊक होतं. पुस्तक राहिलं तर राहू दे, त्या खुणांचा अर्थ एका पानावर लिहून ठेवला असता तरी पुढच्याला काम करता आलं असतं. मी चार वर्षं त्या खुणा लावत बसलोय. गोल म्हणजे बहुधा माहेरच्या ओव्या. फुली अजून उकललेली नाही.

म्हणून माझं म्हणणं, जे फक्त तुम्हाला माहीत आहे ते तरी अपुरं ठेवू नका.

---

पाटीपुस्तक | सकाळी १०:४५

वाळूचे_कण, पुढच्याला काम करता यावं यावरून सांगते. मी पुण्यात संस्कृत शिकवते.

आपण ‘कादंबरी’ म्हणतो ना, तो शब्दच मुळी एका अपुऱ्या राहिलेल्या ग्रंथावरून आला. सातव्या शतकात हर्षाच्या दरबारी असलेल्या बाणभट्टानं ‘कादंबरी’ लिहायला घेतली आणि मध्येच तो वारला. उरलेली त्याच्या मुलानं, भूषणभट्टानं, पुरी केली. उत्तरार्धाच्या सुरुवातीला तो काय म्हणतो? वडील गेले, त्यांच्या वाणीबरोबर कथाही तुटली, ती अपुरी राहिल्याचं सज्जनांना दुःख झालं, ते पाहून मी हे हाती घेतलं, कवी म्हणून मिरवायला नव्हे. मी दरवर्षी हा भाग शिकवते आणि दरवर्षी तिथे घसा दाटतो.

दुसरं टोकही पुण्यातच आहे. डेक्कन कॉलेजातला संस्कृत कोश. डॉ. कत्रे यांनी १९४८ला काम सुरू केलं, सुमारे एक कोटी चिठ्ठ्या जमल्या, पहिला खंड निघाला १९७६ला. पस्तिसाव्या खंडापर्यंतही पहिलं अक्षर, ‘अ’च, चालू होतं. लोखंडी कपाटांच्या त्या खोलीत मी विद्यार्थिनी असताना गेले होते. पिवळट चिठ्ठ्या, प्रत्येकीवर वेगळं हस्ताक्षर. ज्यांनी लिहिल्या त्यांतले कित्येक जण कोश पुरा झालेला पाहणार नव्हते आणि त्यांना ते ठाऊक होतं. तरी अक्षर बघा, एकही गिचमिड नाही.

---

तुतारी | सकाळी ११:१०

भांडारकर संस्थेच्या महाभारताचंही, म्हणजे चिकित्सक आवृत्तीच्या कामाचंही, तसंच. १९१९ला सुरू, १९६६ला पुरं. सुकथनकर १९२५पासून प्रमुख संपादक, १९४३ला गेले. पुढे बेलवलकर, मग प. ल. वैद्य. पण पुरं केलंच.

---

इंद्रायणी_तीर | सकाळी ११:३५

तुतारी, तुमच्या त्या १९१९वर अडखळले. त्याच वर्षी जानेवारीत गडकरी सावनेरला गेले, अवघे तेहतीस वर्षांचे, आणि ‘राजसंन्यास’ अपुरं राहिलं. त्याच वर्षी मे महिन्यात रेव्हरंड टिळक गेले आणि ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं. एक नाटक तसंच राहिलं. दुसरं काव्य मात्र लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. टिळकांचे मोजके अध्याय झालेले, बाकीचा मोठा भाग त्यांचा. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरओळख झालेली बाई!

लक्ष्मीबाईंबद्दल मला नेहमी वाटतं की त्यांनी ते पुरं केलं, कारण ओवी त्यांच्या कानात होती. टिळकांचं ओझं म्हणून नव्हे, स्वतःची चाल म्हणून. दुसऱ्याच्या चालीत चाललं तर दम लागतो. आपण सुरुवात बहुतेक वेळा कुणाच्यातरी चालीत करतो, आवडत्या लेखकाच्या. ती चाल तिसऱ्या-चौथ्या पानापर्यंत पुरते. मग अडतं. माझं तरी तिथेच अडतं.

---

गोदाकाठ | दुपारी २:५०

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. सकाळपासून कामातून डोकं काढून वाचतेय.

खिळेजुळणीदादा, ‘माझे काने सोडवा’ हे मी फाइलीवर लिहून ठेवलं.

तारखेचं म्हणाल जाईजुई, तर एका अंकाच्या संपादकांना दोनदा शब्द दिला आणि दोनदा पाळला नाही. आता तिसऱ्यांदा देववत नाही.

---

रंगपट | दुपारी ३:३०

मी कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडक स्पर्धेसाठी एकांकिका लिहिली होती. अर्धी झाली आणि पात्रं काय करतील तेच कळेना. दिग्दर्शकानं अर्ध्या संहितेवर तालमी लावल्या. नवव्या तालमीत आईचं काम करणारी मुलगी संवाद संपल्यावर उठून गेलीच नाही. तिनं पाण्याचा तांब्या उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. आम्ही सगळे बघत राहिलो. तोच शेवट झाला.

गोदाकाठ, टेबलाशी बसून सापडत नसेल तर माणसाशी बसा. अण्णा आहेत ना समोर? त्यांना विचारा.

---

गोदाकाठ | दुपारी ३:४४

विचारते हो. पण सकाळचं जेवण दुपारी आठवत नाही. मग वाटतं, कशाला त्रास द्यायचा.

---

माडाची_सावली | संध्याकाळी ६:२०

मी सावंतवाडीची. वय चौऱ्याहत्तर. लिहीत नाही, वाचते.

आमच्या आईच्या तोंडून ‘संपलं’ हा शब्द मी कधी ऐकला नाही. डब्यातले तांदूळ संपायचे नाहीत, ‘वाढायचे’. बांगडी फुटायची नाही, वाढवायची. नारळ वाढवायचा. संध्याकाळी दुकानदार दुकान बंद करायचा नाही, दुकान वाढवायचा. उंबऱ्यातून बाहेर पडताना जाते नाही, येते. मला लहानपणी हे खुळं वाटायचं. आता वाटतं, त्या बायकांनी किती विचार केला असेल. वर वह्यांचं वाचलं म्हणून आठवलं. जात्यावर शेवटची मूठ टाकली तरी दळण सरलं म्हणायचं नाही.

गोदाकाठ, तुमचे वडील समोरच्या खोलीत आहेत. त्यांच्यावरच्या लेखाखाली ‘समाप्त’ लिहायला तुमचा हात धजत नाही. न धजणारा हात मला तरी शहाणा वाटतो. तुम्ही लेख संपवू नका. वाढवा.

---

पाटीपुस्तक | संध्याकाळी ६:५५

आजी, नमस्कार करते तुम्हाला.

गोदाकाठ, एक विचारू? ती खोडलेली तीन रूपं कशी होती?

---

गोदाकाठ | रात्री १०:०५

माडाची_सावली, तुमचं वाचल्यावर फोन बाजूला ठेवून मी बराच वेळ नुसती बसले होते.

पाटीपुस्तक, ती तिन्ही रूपं आत्ता काढून वाचली. पहिल्यात निरोपसमारंभ, शाल-श्रीफळ, डोळ्यांत पाणी. दुसऱ्यात चिमटा खिळ्याला टांगलेला, त्यावर धूळ. तिसऱ्यात रिकामी बस. तिन्ही मृत्युलेख आहेत. ‘अण्णा होते’, ‘अण्णा करायचे’, ‘अण्णा म्हणायचे’. माणूस पलीकडच्या खोलीत औषध घेतोय आणि मी त्यांना भूतकाळात घालून बसलेय. खोडलं ते बरंच केलं.

---

जाईजुई | रात्री १०:१८

म्हणजे अडलं ते लेखनकौशल्यापाशी नव्हतंच.

निवृत्तीचा दिवस सोडून द्या. अठ्ठावीस वर्षं सगळी कशाला हवीत? एक फेरी घ्या.

---

वऱ्हाडी_वानोळा | रात्री १०:२६

वस्तीची गाडी घ्या ताई! आमच्या गावी यायची, रातच्याले आठ वाजता, सकाळी परत. माझा सारा अभ्यास त्या गाडीच्या भरवशावर झाला. कंडक्टर काकांचं नाव नाही ठाऊक, पण चेहरा आजही डोळ्यांपुढं हाये. तुमच्या अण्णांले विचारा वस्तीच्या गाडीचं. हे कोनी कंडक्टर विसरत नसते.

---

गोदाकाठ | रविवार, दुपारी १२:१५

विचारलं.

सकाळी चहा झाल्यावर त्यांच्या कॉटशी बसले आणि म्हटलं, अण्णा, वस्तीच्या गाडीला थांबे कोणकोणते हो? ते छताकडे बघत राहिले. मला वाटलं, नाही जमायचं. मग उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरायला लागला आणि एकामागून एक तेरा थांबे सांगितले. कुठल्या थांब्याला कडुनिंब, कुठे नाला भरला की गाडी अलीकडेच थांबायची, कुठे दुधाच्या किटल्या चढायच्या. काल रात्री काय जेवले ते त्यांना सांगता आलं नव्हतं.

मग आपणहून बोलले. ड्रायव्हर उन्हाळ्यात टपावर झोपायचा. अण्णा आत, लांब सीटवर, पिशवी उशाला. गावातल्या एका घरून भाकरी आणि ठेचा यायचा. सकाळी पहिल्या गाडीला एक मुलगा असायचा, नांदगावच्या शाळेत जाणारा, रोज उशीर. गाडी भरलेली, ड्रायव्हर आरशातून बघतोय, लोक ‘चला हो’ म्हणतायत. अण्णा घंटीची दोरी हातात धरून पायरीवर उभे. दोरी धरलेली, पण ओढायची नाही. पांदीतून तो मुलगा पळत येताना दिसला, त्यानं दांडी पकडली, की मग ओढायची.

हे सांगताना त्यांनी हात वर धरला होता. मूठ मिटलेली. मी बघत होते, बराच वेळ त्यांनी तो खाली घेतला नाही.

अठ्ठावीस वर्षांत हे आम्हाला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं.

---

रंगपट | दुपारी १२:२२

लिहायला बसा. आत्ता. आम्ही इथे काही बोलत नाही.

---

वाळूचे_कण | दुपारी १:००

त्या तेरा थांब्यांची नावं आधी कागदावर उतरवा. क्रमानं. बाकीचं नंतर.

---

गोदाकाठ | रात्री ११:२०

झाला. सहा पानं. जुन्या चारांतलं दीड पान उरलं, बाकी नवं. निवृत्तीचा दिवस नाही. मुलगा पळत येतोय आणि अण्णांचा हात दोरीवर आहे, तिथे थांबले. सगळा वर्तमानकाळात लिहिला, ‘अण्णा उभे आहेत’ असा. ‘समाप्त’ लिहिलं नाही.

जेवणानंतर त्यांना वाचून दाखवला. डोळे मिटून ऐकत होते, मला वाटलं झोप लागली. पान खाली ठेवल्यावर म्हणाले, ‘सकाळची गाडी साडेपाचची नव्हे. पाच चाळीसची.’

तेवढं दुरुस्त केलं. उद्या संपादकांना पाठवते.

---

खिळेजुळणी | रात्री ११:३१

पाच चाळीस नीट तपासून घ्या ताई, छापल्यावर आकडा हलत नाही. आणि फाइलीतला दुसरा लेख काढा. काने मोकळे झालेत.